ईसीआरसाठी व्हिएन्नाला जायचंय: व्हिसा, पैसे, राहणं आणि मागे दवाखाना

क्षकिरण
राम राम मंडळी. युरोपियन काँग्रेस ऑफ रेडिओलॉजी, म्हणजे आपली ईसीआर, दरवर्षी व्हिएन्नाला फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर भरते. पुढच्या खेपेला जायचं जवळजवळ ठरलंय. कर्वेनगरात माझं सोनोग्राफी सेंटर आहे, एकखांबी तंबू. आजवर परिषदा केल्या त्या जयपूर, कोची, फार तर सिंगापूर. युरोप पहिल्यांदाच.

एक एजंट म्हणतो, "मॅडम, तुम्ही फक्त सह्या करा." त्याचा आकडा ऐकून माझीच टूडी एको करायची वेळ आली. व्हिसा आपला आपण करता येतो का? पैसे कसे न्यायचे? राहायचं कुठे? नवरा आणि सासूबाईही येणार म्हणतायत, त्यांना आत सोडतात का? आणि मी काय विचारायचं विसरले असेन तेही सांगा.

राजकारण आणि पाककृती आणू नयेत ही नम्र विनंती.

हिंगणेकर
सासूबाई येणार म्हणजे पाककृती येणारच.

मुठाकाठ
व्हिसा आपला आपण होतो. एजंट तुमच्याकडूनच कागद मागतो आणि तुमच्याच मेलवरून अर्ज भरतो.

ऑस्ट्रियाचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणारा) व्हिसा लागेल, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णय एरवी १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात. म्हणून "जानेवारीत बघू" हा पुणेरी निवांतपणा इथे चालणार नाही. अपॉइंटमेंटच्या तारखाच कधीकधी मिळत नाहीत. आपल्या शहरात नसेल तर दुसऱ्या शहरातली बघून ठेवा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, जून २०२४ पासून. वर व्हीएफएसचा आकार. व्हिसा नाकारला तरी फी गेली ती गेली.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचा एकही दिवस न सोडणारा. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालू असावा आणि दोन पानं कोरी. सासूबाईंचा पासपोर्ट आजच कपाटातून काढून तारीख बघा. मुंढव्याला किंवा बाणेरला पासपोर्ट कचेरीत खेटे घालायची वेळ आली तर ती आत्ता येऊ दे, डिसेंबरात नको.

निमंत्रणपत्र परिषदेकडून मिळतं, पण नोंदणीचे पैसे भरल्यावर. त्या पत्रामुळे व्हिसा मिळेलच असं नाही आणि तुमचा खर्च ते करणार असंही त्यात नसतं. खर्च कोणाचा, हे कव्हरिंग लेटरमध्ये तुम्हीच स्पष्ट लिहायचं. सोबत आयटीआर, बँकेचं स्टेटमेंट, एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं) रजिस्ट्रेशन, सेंटरची नोंदणी. परत यायला मागे काही आहे, एवढं त्यांना कागदावर दिसलं पाहिजे. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून पाच लाख आणून खात्यात टाकू नका, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पहिलं तेच भरतं.

दातकोरणं
तिकीट आधी की व्हिसा आधी? हे मला आजतागायत कोणी सरळ सांगितलेलं नाही.

मुठाकाठ
अर्जाला आरक्षण लागतं, पैसे भरून काढलेलं तिकीटच हवं असं नाही. रद्द करता येईल असं घ्या. हॉटेलचंही तसंच. परिषदेच्या आठवड्यात व्हिएन्नातल्या खोल्यांचे भाव चढतात, त्यामुळे फुकट रद्द होणारी खोली आजच धरून ठेवायला हरकत नाही.

आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट (आपल्या कामाचा सारांश) पाठवलं असेल तर त्याच्या निकालासाठी व्हिसा अडवून ठेवू नका. नुसता डेलिगेट म्हणूनही जाता येतं.

पिंपळे_गुरव_एक्सप्रेस
एक शॉर्टकट सांगतो. ज्या देशाची तारीख लवकर मिळते त्याचा शेंगेन व्हिसा काढा नि व्हिएन्नाला उतरा. शेंगेन एकच ना?

मुठाकाठ
नाही हो. मुख्य मुक्काम जिथे, अर्ज त्याच देशाकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथून आत शिरणार तो देश. ताईंच्या हातात परिषदेचा बॅज व्हिएन्नाचा, निमंत्रण व्हिएन्नाचं आणि व्हिसा भलत्याच देशाचा. विमानतळावर विचारलं तर काय सांगणार, वाट चुकले? आता तर ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन प्रवेशाची नोंद संगणकावर व्हायला लागलीय, टप्प्याटप्प्याने. पहिल्या खेपेला रांगेत थोडा वेळ धरा.

नवी सांगवी
एवढा जमाखर्च कशाला? डॉक्टरांना औषध कंपन्या पाठवतात ना युरोपला? आमच्या गल्लीतले एक तर बायकोमुलांसकट जाऊन आले.

हिंगणेकर
आली. ठिणगी आली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

वसुधा_एन
@नवी सांगवी, पाठवायच्या, हे खरं. पण नियम काय आहे तेही वाचा. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून कंपनीकडून प्रवास, हॉटेल, भेटवस्तू घेणं डॉक्टरला मना आहे. मार्च २०२४मध्ये कंपन्यांसाठीही विपणनाची एकसारखी संहिता आली. परिषदेसाठी देशात वा परदेशात डॉक्टरच्या प्रवासाचा खर्च कंपनीने करायचा नाही, अपवाद फक्त वक्त्याचा. शिवाय २०२२पासून व्यवसायात मिळालेल्या २०,००० रुपयांवरच्या लाभावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, म्हणजे फुकटची सहल आयकर खात्याच्या वहीत उमटतेच.

क्षकिरण स्वतःच्या पैशाने जातायत म्हणून तर हे प्रश्न विचारतायत.

नवी सांगवी
नियम आहे हे मान्य. पाळतात किती हा माझा मुद्दा.

वसुधा_एन
त्यावर वेगळा धागा काढा, तिथे तुमच्या बाजूने लिहीन.

तपकीर
मी त्वचारोगवाला. मला आठवड्याला एक मेल येतो: "आदरणीय सर, आमच्या मत्स्यपालन जागतिक शिखर परिषदेत बीजभाषण कराल का?" नोंदणी फी डॉलरमध्ये, स्थळ कुठलंसं विमानतळाजवळचं हॉटेल. ईसीआर खरीच आहे, त्यामागे युरोपियन सोसायटी ऑफ रेडिओलॉजी आहे. पण इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो: परिषदेमागे कुठली संघटना आहे, आपल्या विषयातलं कोणी गेल्या वर्षी जाऊन आलंय का, हे बघितल्याशिवाय कार्ड काढू नका.

दातकोरणं
मत्स्यपालन? माशांना नायटा होत असेल.

तपकीर
खवले आहेत ना, सोरायसिसचं सेशन असेल.

भूलवाला
सामानाबद्दल लिहितो, कारण डॉक्टर लोकच इथे सगळ्यात बेफिकीर असतात. स्वतःची औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या, स्ट्रिप कापून डब्यात भरू नका. आखाती देशातून विमान बदलत असाल तर जास्त जपा. कोडीन, ट्रामाडॉल तिथे नियंत्रित यादीत आहेत. खोकल्याचं औषध म्हणून कोडीनची बाटली टाकायची सवय असेल तर ती घरीच ठेवा.

आता सासूबाईंचा मुद्दा. दुबईमार्गे जाणार असाल तर अनारसे नकोत. अनारशाला खसखस असते आणि अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते.

गंमत म्हणजे व्हिएन्नात उतरलात की खसखस गच्च भरलेला श्ट्रुडेल बेकरीच्या काचेत उघड्यावर मांडलेला दिसेल.

हिंगणेकर
पाककृती आली का नाही? मी म्हणालो होतो.

सासवडची_सून
मग पेढे तरी नेता येतील का? माझ्या भावाकडे जर्मनीला न्यायचे असतात नेहमी.

भूलवाला
युरोपीय संघाबाहेरून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ स्वतःच्या सामानातून नेता येत नाहीत. खवा, चक्का, पनीर सगळं त्यात आलं.

सासवडची_सून
पण पेढा ही मिठाई आहे, दूध कुठे दिसतंय त्यात?

भूलवाला
हा युक्तिवाद कस्टमच्या माणसापुढे जर्मनमधून करायची तयारी असेल तर जरूर न्या. मी बाकरवडी नेतो. ताजी फळं-भाज्याही नकोत, कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय मुभा आहे.

पिंपळे_गुरव_एक्सप्रेस
ड्युरियन घेऊन विमानात बसणाऱ्या माणसाला व्हिसा द्यायलाच नको.

डार्करूमकाका
वाचत होतो. व्हिसा, विमा, बाकरवडी, सगळं ठीक आहे. पण क्षकिरण, तुम्ही काय विचारायचं विसरलात ते सांगतो: आठवडाभर तुमचं सेंटर कोण चालवणार?

त्वचावाले, दातवाले दार ओढून घेतात आणि जातात. किंवा मित्राला म्हणतात, जरा बघ रे. आपल्याला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा, आहे. नोंदणीत ज्याचं नाव आहे त्यानेच मशीनवर बसायचं. "माझी मैत्रीण एमडी रेडिओलॉजी आहे, चार दिवस बसेल" असं तोंडी ठरवून चालत नाही. तिचं नाव तुमच्या सेंटरच्या नोंदणीत चढवून घ्यावं लागतं, आणि असा कुठलाही बदल निदान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे महापालिकेच्या आरोग्य खात्याला, लेखी कळवावा लागतो. त्यात एका डॉक्टरचं नाव एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन सेंटरांवर असू शकतं. पुण्यात जरा चांगलं नाव असलेल्या रेडिओलॉजिस्टच्या दोन्ही जागा भरलेल्या असतात. त्यामुळे बदली माणूस शोधायला व्हिसाइतकाच वेळ लागतो, माझ्या मते जास्तच.

दुसरं: महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत जातो. ईसीआर नेमकी फेब्रुवारी संपता-संपता. तुम्ही व्हिएन्नात एमआरआयवरची भाषणं ऐकत असाल तेव्हा इथे फेब्रुवारीचे एफ फॉर्म (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला भरायचे ते) कोणीतरी मोजत बसलेलं असणार. निघायच्या आदल्या रात्रीपर्यंतचे सगळे फॉर्म सह्यांसकट पुरे करून ठेवा. त्यात एक रकाना जरी कोरा राहिला तरी "मॅडम परदेशी होत्या" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

सेंटर बंदच ठेवणार असाल तर बाहेर तारखांसकट पाटी, मशीनची खोली कुलूपबंद, आणि रजिस्टरं कुठे आहेत हे माहीत असलेला एक माणूस पुण्यात. तपासणीला पथक यायला मुहूर्त लागत नाही.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. ईसीआरच्या प्रदर्शनात तळहाताएवढे सोनोग्राफी प्रोब असतात, फोनला जोडायचे. मोह होतो. आणू नका. नोंदणीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं म्हणजे थेट कायद्याच्या कचाट्यात. बघा, हाताळा, माहितीपत्रक घ्या, परत ठेवा.

क्षकिरण
काका, दंडवत. हे खरंच डोक्यात नव्हतं. मी मैत्रिणीला कालच "चार दिवस बसशील का" विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. उद्याच तिच्या किती जागा भरल्यात ते विचारते.

दातकोरणं
आम्ही दार ओढून जातो हे खरं आहे. पण रूट कॅनाल अर्धवट सोडून गेलं तर पेशंट व्हिएन्नापर्यंत फोन करतो.

मुठाकाठ
काकांच्या पोस्टला अनुमोदन. सरकारी किंवा महाविद्यालयातल्या नोकरदारांनी रजा आणि परदेशी जाण्याची परवानगी यांचे अर्ज वेगवेगळे समजा. परवानगीची फाइल किती टेबलं फिरेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

वारजे_ते_वीन
मी तिथे शिकायला होतो, त्यामुळे शहराचं सांगतो.

परिषद ऑस्ट्रिया सेंटरला असते, डॅन्यूबपलीकडे, यू१ मेट्रोचं कायझरम्यूलन स्टेशन. हॉटेल परिषदेला खेटून पाहिजे असा हट्ट धरू नका. यू१वर कुठेही घ्या. मधोमध श्टेफान्सप्लाट्झला राहिलात तरी मेट्रोने दहा मिनिटांच्या आत पोचता. संध्याकाळी नदीपलीकडच्या काचेच्या इमारतींत करायला काही नसतं, तेव्हा घरच्यांना घेऊन राहायचं तर अलीकडेच बरं.

विमानतळावरून कॅट नावाची हिरवी गाडी १६ मिनिटांत वीन मिट्टे स्टेशनला नेते, म्हणून सगळे तिच्यातच बसतात. तिचं तिकीट वेगळं आणि महाग. त्यापेक्षा रेल्वेच्या रेलजेटने हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला, उतरा, तिथून तीच यू१ थेट परिषदेच्या दारात. एस७ लोकलही आहे, ती जरा रमतगमत जाते. मेट्रोला फाटक नसतं, त्यामुळे तिकीट कोणी बघत नाही असं वाटतं. बघतात. साध्या कपड्यात येतात. कागदी तिकीट असेल तर निळ्या पेटीत घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर ते नसल्यात जमा.

रविवारी दुकानं बंद, किराण्याचीसुद्धा. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. नळाचं पाणी बिनधास्त प्या, डोंगरातल्या झऱ्यांचं थेट शहरात येतं, १८७३पासून. पाण्याच्या बाटल्यांवर युरो उधळणारे डेलिगेट पाहिले की वाईट वाटतं. साधी पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळते, तेव्हा इथूनच पाकीट न्या. रुग्णवाहिकेला १४४, एरवी ११२.

थंडी: शून्याच्या आसपास ते सात-आठ अंश. आत हॉल गरम असतात, त्यामुळे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर बरे. आणि आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे जात नाही, अ‍ॅडॅप्टर घ्या.

सासवडची_सून
वाखुसा (वाचनखूण साठवली)! आमचं काही व्हिएन्नाला जाणं नाही, पण वाचायला मजा येतेय.

पिंपळे_गुरव_एक्सप्रेस
पैशांचं कोणीच बोललं नाही.

मुठाकाठ
बोलतो. आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने तसं केलं. नोंदणीची फी भरतानाच पहिली ठेच लागते ती यामुळे. अ‍ॅपमधून चालू करा, मर्यादा घाला. तिथे दुकानदाराचं यंत्र "रुपयांत घेऊ की युरोत?" विचारतं. युरो म्हणा. रुपये म्हटलंत की दर तो ठरवतो. ऑस्ट्रियात रोखीची सवय अजून टिकून आहे, तेव्हा थोडे सुटे युरो खिशात हवेत. सोसायटीचं सभासदत्व घेतलंत तर नोंदणी स्वस्त पडते, आणि लवकर भरली तर आणखी. दोन्हींची बेरीज करून बघा.

भाऊबीज_२४
एवढं करून जायचंच कशाला? सगळी भाषणं नंतर ऑनलाइन मिळतात. घरात बसून, चहा घेत, दीडच्या गतीने ऐकावीत.

डार्करूमकाका
भाषणांपुरतं बरोबर आहे. मी पडद्यावर पाहिलेलं एक सेशन पुरं केल्याचं आठवत नाही, मधे बेल वाजते आणि कोणीतरी पोटात दुखतंय म्हणून येतं. तिथे मला मिळालं ते कॉफीच्या रांगेत. लिव्हरच्या एका केसवर पोलंडच्या बाईंशी वाद घातला, त्या बरोबर होत्या.

@क्षकिरण, ईसीआरला पोस्टर संगणकावरच असतं, तेव्हा अप्पा बळवंत चौकात फ्लेक्स छापायला धावू नका. पण चित्रं टाकताना नीट बघा. सोनोग्राफीच्या फोटोत वरच्या पट्टीत पेशंटचं नाव, तारीख, तुमच्या सेंटरचं नाव भाजल्यासारखं छापलेलं असतं. फाइलमधून नाव पुसलं तरी ते चित्रात राहतं. ती पट्टीच कापा. आणि पेशंटची लेखी संमती घेऊन ठेवा, आठवडाभर आधी नाही, आत्ता.

वसुधा_एन
एमएमसीच्या पॉइंटसाठीही लिहिते. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला परिषदा-व्याख्यानांच्या हजेरीचे पाच वर्षांत ३० लागतात. परिषद संपल्यावर हजेरीचं प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घ्या. नोंदणीची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. परदेशातल्या तासांना इथे किती मोजतात ते जायच्या आधी काउन्सिलला विचारून ठेवा, आल्यावर भांडू नका.

क्षकिरण
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं. पण घरच्यांचं राहिलंच. त्यांना बॅजशिवाय आत सोडतात का? नवऱ्याला मशीनचं प्रदर्शन बघायचंय, इंजिनिअर आहे.

वारजे_ते_वीन
बॅजशिवाय कोणालाच नाही. सोबत्यांसाठी वेगळी नोंदणी ठेवलीय का ते परिषदेच्या पानावर बघा. नाहीतर त्यांना सरळ शहरात सोडा. नवऱ्याला योझेफिनुम या वैद्यकाच्या संग्रहालयात पाठवा, सम्राट योझेफ दुसरा याने १७८०च्या दशकात फ्लोरेन्सहून मागवलेली मेणाची मानवी शरीरं आहेत. अंगावरची त्वचा बाजूला करून आतल्या नसा दाखवणारी, गळ्यात मोत्यांची माळ घातलेली एक बाई काचपेटीत पहुडलीय. तुम्हीही एक दुपार काढाच. जुन्या सार्वजनिक रुग्णालयाची अंगणंही जवळच. सेमेलवाइसने १८४७मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते तिथेच. आता तिथे विद्यापीठ आहे आणि पोरं बिअर पीत बसलेली असतात.

सासूबाईंना मेणाची शरीरं नकोत.

क्षकिरण
सासूबाई निवृत्त परिचारिका आहेत. नवऱ्यालाच चक्कर येईल.

तपकीर
मग बॅज सासूबाईंच्या नावाने काढा.

कोंढवा_बुद्रुक
छान धागा. मला फिजिशियन्सच्या परिषदेला माद्रिदला जायचंय, पुढच्याच महिन्यात. व्हिसा अजून केलेला नाही. चालेल ना?

मुठाकाठ
पुढच्या महिन्यात किती तारखेला?

कोंढवा_बुद्रुक
चार.

मुठाकाठ
नवा धागा काढा. नाव द्या "माद्रिदची परिषद ऑनलाइन कशी बघावी". भाऊबीज_२४ मदत करतील.